नदीकाठचा गुत्ता आणि एका पूर्वजाचा मृत्यू

जुन्या घराण्यांचे कुलवृत्तान्त ज्यांनी बारकाईने चाळले आहेत, त्यांच्या एक गोष्ट ध्यानी आल्यावाचून राहत नाही. मूळ पुरुष कोठून आला, कोणाला कोणते वतन मिळाले, कोणी घाट बांधला, कोणी काशीयात्रा केली, याचा तपशील त्यांत हौसेने दिलेला असतो. पण एखादा पूर्वज नदीवर गेला तो परत आलाच नाही, एखादा व्यसनापायी गेला, एखादा कोणाच्या तंट्यात मारला गेला, अशांच्या नावापुढे 'अल्पवयात निधन' एवढे दोन शब्द लिहून संपादक पुढच्या पिढीकडे वळतात. त्यांची हकीकत छापील पानावर येत नाही. ती माजघरात राहते. आजीकडून नातीकडे जाताना तिला नवे हातपाय फुटतात. मूळच्या दोन माणसांची चार होतात, काठीची तलवार होते, आणि पूर्वज जर थोडा हूड स्वभावाचा असेल तर त्याच्या मरणात मद्य आणि स्त्री या दोहोंचा प्रवेश झाल्याखेरीज ऐकणाऱ्याचे समाधान होत नाही. अशा कथेला कागदाचा पुरावा मागणारा माणूस घरच्यांना फारसा आवडत नाही.

घराणी केवळ रक्ताचीच असतात असे नाही. गाण्याची घराणी असतात, तशी नाटकाचीही म्हणावयास हरकत नाही. मराठी नाटकाची ज्या परकीय घराण्याशी सोयरीक जुळली ते घराणे इंग्लंडमधील एलिझाबेथ राणीच्या काळातले. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी १८९० साली 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, आणि शेक्सपियर हे नाव मराठी वाचकाच्या घरचे झाले. पण ज्याने त्या घराण्याला निर्यमक छंदाचा भारदस्त आवाज मिळवून दिला, ज्याच्या नाटकांवरून नजर फिरवूनच शेक्सपियरची लेखणी चालू लागली, तो क्रिस्टोफर मार्लो आपल्याकडे त्या मानाने उपेक्षित राहिला. या मार्लोच्या मृत्यूविषयी इंग्रजी नाट्यसृष्टीच्या घरात तीनशेहून अधिक वर्षे एक कथा सांगितली जात होती. टेम्स नदीकाठच्या एका गुत्त्यात, नशेच्या भरात, एका बाईवरून झालेल्या भांडणात एका हलकट नोकराने त्याला भोसकले, अशी ती कथा. या कथेचा माग कसा काढला गेला आणि माग काढणाऱ्याच्या हाती अखेर काय लागले, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

मार्लो आणि शेक्सपियर एकाच वर्षी, १५६४ साली जन्मले. मार्लोचा बाप्तिस्मा २६ फेब्रुवारीचा, शेक्सपियरचा २६ एप्रिलचा. म्हणजे मार्लो दोन महिन्यांनी वडील. कँटरबरी गावातल्या एका चांभाराचा हा मुलगा शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी महाविद्यालयात शिकला. १५८७ साली त्याला एम.ए.ची पदवी देण्यास विद्यापीठ का-कू करू लागले, कारण हा मुलगा कॅथलिकांच्या गोटात, फ्रान्समधील ऱ्हेम्स येथे जाणार असल्याची वदंता होती. तेव्हा खुद्द राणीच्या प्रिव्ही कौन्सिलने विद्यापीठास कळविले की या तरुणाने राणीसाहेबांची चांगली सेवा केली आहे, सबब त्याची पदवी अडवू नये. ही सेवा कोणती, हे पत्रात सांगितलेले नाही. चांभाराच्या मुलासाठी राज्याच्या सर्वोच्च मंडळाने लेखणी उचलावी ही गोष्ट साधी नव्हे. पुढच्या साऱ्या प्रकरणाचे बीज या पत्रात आहे. त्यानंतरच्या अवघ्या सहा वर्षांत 'टॅम्बर्लेन', 'डॉक्टर फॉस्टस', 'ज्यू ऑफ माल्टा', 'एडवर्ड दुसरा' ही नाटके त्याने लिहिली. त्यांतल्या 'फॉस्टस'ची कथा इंग्रज नटांबरोबर जर्मनीत परत गेली, तेथे कळसूत्री बाहुल्यांच्या खेळांतून टिकून राहिली, आणि गटेच्या हाती पडून तिचे महाकाव्य झाले. विंदा करंदीकरांनी १९६५ साली मराठीत आणलेला 'फाउस्ट' हा या फॉस्टसचाच दूरचा वंशज. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मार्लो गेला. शेक्सपियर जर त्याच वयात गेला असता तर आज त्याचे नाव इंग्रजीच्या अध्यापकांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

मृत्यूनंतर लगोलग कथा सुरू झाल्या. गॅब्रिएल हार्वे या समकालीन पंडिताने त्याच वर्षी लिहिलेल्या कवितेवरून असे दिसते की मार्लो प्लेगने गेला अशी त्याची समजूत होती. १५९३ साली लंडनात प्लेगाचा कहर होता, नाटकगृहे बंद होती; तेव्हा ही समजूत अगदीच वेडगळ नव्हती. चार वर्षांनी, १५९७ साली, टॉमस बीअर्ड नावाच्या कडव्या प्युरिटनाने ईश्वरी शिक्षेच्या कथांचा एक जाडजूड संग्रह प्रसिद्ध केला. त्यात मार्लो आला तो नास्तिकाला देवाने कसे शासन केले याचा दाखला म्हणून. बीअर्डच्या कथेत भांडण लंडनच्या रस्त्यात होते आणि मार्लोचा स्वतःचाच खंजीर त्याच्या डोक्यात शिरतो. ज्या हाताने देवाची निंदा लिहिली त्याच हाताला देवाने शिक्षेचे साधन केले, हे तात्पर्य बीअर्डला हवे होते. त्यासाठी खंजीर मार्लोच्याच हाती असणे त्याला सोयीचे होते. (हाच बीअर्ड पुढे ऑलिव्हर क्रॉमवेलचा शाळामास्तर झाला.) पुढच्याच वर्षी फ्रान्सिस मीअर्सने त्यात स्त्रीची भर घातली. आता मारेकरी हा एका छचोर प्रेमप्रकरणातला प्रतिस्पर्धी नोकर बनला. सतराव्या शतकात जॉन ऑब्री या गप्पिष्ट चरित्रकाराने तर कमाल केली. मार्लोला बेन जॉन्सनने मारले असे त्याने टिपून ठेवले. एका नाटककाराला दुसऱ्या नाटककाराने मारण्याइतकी रंगतदार गोष्ट दुसरी कोणती असणार?

या गदारोळात एकच माणूस सत्याच्या जवळपास होता. विल्यम व्हॉन याने १६०० साली लिहिले की ही घटना डेप्टफर्ड येथे घडली, आणि मार्लोला मारणाऱ्याचे नाव इंग्रम. मार्लोने त्याच्यावर आधी वार केला आणि त्याने स्वसंरक्षणार्थ खंजीर काढून मार्लोच्या डोळ्यात खुपसला. परंतु व्हॉनचे हे नाव कोणी फारसे मनावर घेतले नाही. त्याला कारणही होते. डेप्टफर्डच्या सेंट निकोलस चर्चच्या दफन-नोंदवहीत १ जून १५९३ रोजी मार्लोला पुरल्याची नोंद आहे, आणि मारणाऱ्याचे नावही आहे. एकोणिसाव्या शतकात ही नोंद वाचली गेली तेव्हा ते नाव 'फ्रान्सिस आर्चर' असे लावण्यात आले. वस्तुतः तेथे 'फ्रेझर' असे आहे. त्या काळच्या वळणाचे अक्षर आपल्या मोडीसारखेच दगा देणारे असते. एका अक्षराचा फाटा चुकला की वाचणारा भलत्याच माणसाच्या मागे लागतो. फ्रान्सिस हे तर नोंद करणाऱ्या पाद्र्याचीच चूक. झाले, शंभर वर्षे अभ्यासक अस्तित्वातच नसलेल्या आर्चरचा शोध घेत राहिले. दरम्यान आर. एच. हॉर्न या लेखकाने १८३७ साली मार्लोच्या मृत्यूवर एकांकी शोकनाट्यच लिहिले, आणि गुत्ता, मद्य, गणिका असा सारा देखावा सुशिक्षितांच्या मनात पक्का बसला. माजघरातली कथा रंगभूमीवर आली की तिला इतिहासाचा मान मिळतो, हे आपल्याकडेही घडलेलेच आहे. 'ध चा मा' हे दोन अक्षरांचे नाट्य ज्याला ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. पण ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेल्या नारायणरावांच्या खुनाविषयी कागदपत्रे काय सांगतात हे विचारले तर बहुतेक जण रामशास्त्र्यांच्या नावापुढे जात नाहीत.

या कोड्याची किल्ली सापडली ती १९२५ साली, आणि तीही दुसरेच काही शोधत असताना. लेस्ली हॉटसन हा त्या वेळी तिशीच्या आतला संशोधक लंडनच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसात सोळाव्या शतकातील दस्तऐवजांच्या सूच्या पाहत होता. (गमतीचा भाग असा की हॉटसनचा जन्म दिल्लीचा, मात्र ही दिल्ली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातली.) एका सूचीत त्याला 'इंग्रम फ्रायझर' हे नाव दिसले. कोणीही सहज ओलांडून गेला असता असे ते नाव. पण हॉटसनच्या डोक्यात व्हॉनचे पुस्तक होते. व्हॉनने इंग्रम म्हटले. नोंदवहीतले आडनाव फ्रेझरसारखे दिसते. मग हा इंग्रम फ्रायझर तर तो नव्हे? संशोधकाचे भाग्य म्हणून जे म्हणतात ते बहुतांशी असेच असते. कागद सर्वांपुढे असतो. तो पाहून आठवण्याजोगे काही मात्र आधी वाचून ठेवावे लागते.

नाव मिळाले, तरी प्रकरण मिळाले नव्हते. खुनाचा खटला जेथे असावा तेथे, म्हणजे फिरत्या न्यायालयांच्या दफ्तरांत आणि मृत्यूच्या चौकशांच्या नेहमीच्या रुमालांत, हॉटसनने शोध घेतला. काही आढळले नाही. तेव्हा त्याने कायद्याच्या बाजूने विचार केला. स्वसंरक्षणार्थ मनुष्यवध केल्याचे ठरले तरी त्या काळी आरोपी आपोआप सुटत नसे. त्याला राजाचा माफीनामा मिळवावा लागे, आणि त्यासाठी चौकशीचे कागद चॅन्सरीत, म्हणजे राजमुद्रेच्या कचेरीत मागवले जात. म्हणजे माफीनामे जेथे नोंदले जातात ती दफ्तरे पाहावयास हवीत. तेथे २८ जून १५९३ चा फ्रायझरचा माफीनामा मिळाला. त्यापाठोपाठ चॅन्सरीच्या किरकोळ कागदांच्या ढिगात मूळ चौकशीचा लॅटिन कागदही सापडला. मार्लोच्या नावाने शोधणाऱ्याला तो कधीच मिळाला नसता, कारण त्यात मयताचे नाव 'मॉर्ली' असे लिहिलेले आहे.

हा कागद म्हणजे आपल्या भाषेत मयताचा पंचनामा. कॉरोनर हा शब्द मुंबईकरांना विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत परिचित होता. येथे कॉरोनर होता विल्यम डॅनबी, राणीच्या राजगृहाचा कॉरोनर. राणीचा मुक्काम जेथे असेल त्याच्या बारा मैलांच्या टापूत त्याचा अधिकार चाले. मृत्यू झाला ३० मे रोजी, बुधवारी. १ जून रोजी, शुक्रवारी, सोळा पंचांसह डॅनबीने प्रेत पाहून चौकशी केली आणि त्याच दिवशी दफन झाले. पंचनाम्यातील हकीकत अशी: सकाळी दहाच्या सुमारास चार माणसे डेप्टफर्ड स्ट्रँड येथे एलिनॉर बुल या विधवेच्या घरातील एका खोलीत जमली. मार्लो, इंग्रम फ्रायझर, निकोलस स्किअर्स आणि रॉबर्ट पोली. दुपारचे जेवण त्यांनी एकत्र केले. नंतर घराच्या बागेत ती शांतपणे फिरत राहिली, ती संध्याकाळच्या सहापर्यंत. मग त्याच खोलीत रात्रीचे जेवण झाले. जेवणानंतर जेवणाच्या पैशांवरून, म्हणजे हिशेबावरून, मार्लो आणि फ्रायझर यांची बोलाचाली झाली. सारा कागद लॅटिनमध्ये असला तरी 'हिशेबा'साठी मात्र कारकुनाने इंग्रजीच शब्द ठेवला आहे; कदाचित साक्षीदारांच्या तोंडचा म्हणून. मार्लो भिंतीकडच्या पलंगावर आडवा झालेला. फ्रायझर पलंगाकडे पाठ करून टेबलाशी बसलेला, त्याच्या एका बाजूस स्किअर्स, दुसऱ्या बाजूस पोली, अशा रीतीने की त्याला उठून पळता येऊ नये. मार्लोने रागाच्या भरात फ्रायझरच्या पाठीशी असलेला खंजीर उपसला आणि त्याच्या डोक्यावर दोन वार केले. जखमा दोन इंच लांब आणि पाव इंच खोल. फ्रायझरने झटापटीत खंजीर परत मिळवला आणि मार्लोच्या उजव्या डोळ्याच्या वर जखम केली. दोन इंच खोल, एक इंच रुंद. मार्लो तत्क्षणी मेला. खंजिराची किंमत बारा पेनी.

ही किंमत का लिहिली, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर असे की ज्या वस्तूने मृत्यू घडे ती राजाकडे जमा करण्याची इंग्लंडात जुनी रीत होती. माणूस गाडीखाली सापडला तर चाक, होडीतून पडला तर होडी. म्हणून कॉरोनर त्या वस्तूचे मोल लावून ठेवी. ही रीत १८४६ साली, रेल्वेच्या अपघातांत इंजिनांची किंमत भरण्याची पाळी आल्यावर, कायद्याने बंद झाली.

आता या पंचनाम्यात काय नाही ते पाहणे अधिक महत्त्वाचे. यात स्त्री नाही. एलिनॉर बुल ही घरची मालकीण तेवढी आहे, आणि तिची साक्षही दिसत नाही. यात नशेचा उल्लेख नाही. दोन वेळचे जेवण आहे, बागेतला फेरफटका आहे, पण कोणी किती प्यायले याची वार्ता नाही. आणि यात गुत्ताही नाही. 'एलिनॉर बुल या विधवेचे घर' एवढेच शब्द आहेत. जेवणाचे पैसे द्यावयाचे होते म्हणून ते घर पैसे घेऊन जेवण व जागा पुरवणारे असावे, असे अनुमान काढता येते. पण मद्यालय? ही बाई राणीची जुनी विश्वासू सेविका ब्लँच पॅरी हिची नातलग होती, तिचा दिवंगत नवरा रिचर्ड बुल हा स्थानिक जहागिरीच्या कारभारात अंमलदार होता. दरबारात ओळख असलेली, इभ्रतदार घराण्यातली ही विधवा तीनशे वर्षे कथाकारांच्या लेखी गुत्तेवाली ठरली, याबद्दल कोणी तिची क्षमा मागितल्याचे दिसत नाही. मार्लोच्या बदनामीबद्दल हळहळणाऱ्यांनाही तिची आठवण उशिरा झाली.

डेप्टफर्डविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. आज लंडनच्या पोटात गेलेले हे ठिकाण त्या वेळी टेम्सच्या दक्षिण तीरावरचे, लंडनपासून तीन मैलांवरचे गाव होते. आठव्या हेन्रीने १५१३ साली तेथे राजाची गोदी घातली. पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या ड्रेकला राणीने १५८१ साली तेथेच, त्याच्या जहाजावर, नाइट केले. सतराव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीने आपली गोदीही तेथेच थाटली; म्हणजे आपल्या किनाऱ्यावर पुढे येणाऱ्या जहाजांचा कारखाना याच काठावर होता. खलाशी, दलाल, हेर, परदेशी जाणारे येणारे, सर्वांचा राबता. गुप्तपणे भेटावयाचे असेल तर गर्दीचे बंदर सोयीचे असते.

आणि भेटणारे कोण होते? रॉबर्ट पोली हा सरकारी हेर. १५८६ साली स्कॉटलंडच्या मेरी राणीला अखेर वधस्तंभाकडे नेणारा बॅबिंग्टनचा कट उघडकीस आला, त्यात या पोलीने बॅबिंग्टनचा मित्र म्हणवून घेत त्याचा विश्वासघात केला होता. मार्लोच्या मृत्यूच्या वेळी तो हेगहून सरकारी पत्रे घेऊन आलेला होता. त्याला पुढे मिळालेल्या मेहनतान्याच्या आदेशात ८ मे ते ८ जून हा सगळा काळ तो राणीच्या सेवेत असल्याचे स्वच्छ लिहिले आहे. म्हणजे ३० मे रोजी एलिनॉर बुलच्या घरातही तो, कागदोपत्री तरी, सरकारी कामावरच होता! स्किअर्सचे नावही बॅबिंग्टनच्या प्रकरणात येते. तो आणि फ्रायझर दोघे मिळून तरुण सरदारपुत्रांना कर्जाच्या जाळ्यात अडकवून लुबाडण्याचा धंदा करीत. त्यांनी बुडवलेल्या अशा एका तरुणाच्या घरच्यांची फिर्याद चॅन्सरीच्या दफ्तरात आहे. फ्रायझर हा टॉमस वॉल्सिंगमचा माणूस. टॉमस वॉल्सिंगम हा राणीच्या हेरखात्याचा जनक सर फ्रान्सिस वॉल्सिंगम याचा भाऊबंद, आणि मार्लोचा आश्रयदाता. मार्लोला पकडण्याचा हुकूम सुटला तेव्हा त्याला शोधावयास दूताला पाठवले ते याच वॉल्सिंगमच्या केंट परगण्यातील घरी.

होय, पकडण्याचा हुकूम. हिशेबावरून झालेल्या या भांडणाच्या आधीचे तीन आठवडे दृष्टीपुढे ठेवल्याखेरीज पंचनामा नीट वाचता येत नाही. मेच्या आरंभी लंडनमध्ये परदेशी कारागिरांना धमकावणारी पत्रके भिंतींवर लागली, त्यांतील एकावर 'टॅम्बर्लेन' अशी सही होती. संशयावरून १२ मे रोजी टॉमस किड या नाटककाराच्या खोलीची झडती झाली. तेथे धर्मविरोधी ठरवलेले काही कागद मिळाले. त्याचे हाल करण्यात आले तेव्हा त्याने ते कागद मार्लोचे असल्याचे सांगितले. दोघे एकदा एकाच खोलीत लिहीत असत, तेव्हा ते मिसळले, हे त्याचे म्हणणे. १८ मे रोजी मार्लोवर वॉरंट निघाले; २० मे रोजी तो कौन्सिलपुढे हजर झाला. त्याला कोठडीत टाकले नाही, रोज हजेरी देण्याची ताकीद दिली. याच सुमारास रिचर्ड बेन्स नावाच्या दुसऱ्या एका खबऱ्याने मार्लोच्या धर्मनिंदक बोलण्यांची एक यादी सरकारात दिली, आणि असल्या माणसाचे तोंड बंद केले पाहिजे असे तीत सुचवले. तिची नक्कल राणीकडे गेली. ३० मे रोजी तोंड बंद झाले.

एवढे वाचल्यावर हा खून पूर्वनियोजित होता असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. चार्ल्स निकोल यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा पक्ष मोठ्या परिश्रमाने मांडला आहे. आठ तास बागेत आणि खोलीत चाललेली बैठक जेवणाच्या बिलासाठी नसते. दोन धडधाकट माणसे शेजारी बसलेली असताना त्यांनी हातही उचलू नये हे चमत्कारिक. आणि महिन्याच्या आत माफीनामा मिळावा हे त्याहून. डॅनबीबरोबर स्थानिक कॉरोनर नव्हता, यावरही काही अभ्यासकांनी बोट ठेवले आहे. दुसरा पक्ष म्हणतो की एलिझाबेथकालीन माणसे खंजीर कमरेला लावून जेवत असत, उधारीवरून रक्त सांडणे रोजचे होते, आणि स्वसंरक्षणाचे प्रकरण असल्यास माफी लवकर मिळण्यात अघटित काही नाही. दोन्ही पक्ष एकाच कागदावर उभे आहेत. त्या कागदाचा दोष असा की त्यातील कथन ज्यांच्या तोंडून आले ते तिघे, एक मारणारा आणि दोन त्याचे सोबती, व्यवसायाने खोटे बोलणारे होते. जखमांची मापे डॅनबीने स्वतः घेतली असतील. खोलीत काय बोलणे झाले ते तो कोठून आणणार? राजवाड्यांनी १८९८ पासून अस्सल पत्रांचे खंड काढून बखरींचा गर्व उतरवला, ते योग्यच झाले. पण अस्सल कागद आणि अस्सल सत्य या दोन वस्तू आहेत. कागद त्या दिवशीचा आहे याची खात्री झाली, म्हणजे तो लिहिणाऱ्याला काय सांगितले गेले एवढे कळते. सावधपणे बोलावयाचे तर मार्लोचा मृत्यू गुत्त्यातल्या नशेचा अपघात नव्हता हे हॉटसनच्या शोधाने सिद्ध झाले. तो काय होता हे त्याने सिद्ध झाले नाही. तरीही निकोल यांच्या बाजूने पारडे काहीसे झुकते असे वाटते, ते मुख्यतः पोलीमुळे. असला माणूस हवा खाण्यासाठी दिवसभर बागेत फिरत नाही.

अस्सल कागदाचा सुगावा लागला की त्यापाठोपाठ हौशी लोकही येतात. १९५५ साली कॅल्विन हॉफमन या अमेरिकन गृहस्थांनी प्रतिपादन केले की मार्लो मेलाच नाही. भलत्याचेच प्रेत दाखवून तो देशाबाहेर निसटला आणि तेथून शेक्सपियरच्या नावाने नाटके पाठवीत राहिला. पुराव्याची हस्तलिखिते टॉमस वॉल्सिंगमच्या थडग्यात असावीत या खात्रीने त्यांनी खटपट करून १९५६ साली ते थडगे उघडवले. आत वाळू निघाली. असो. या कथेचा पगडा इतका की २००२ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत मार्लोच्या स्मरणार्थ बसवलेल्या काचेवर मृत्युवर्षाशेजारी प्रश्नचिन्ह कोरले गेले. दफनाची नोंद, पंचनामा, माफीनामा असे तीन कागद हाती असताना हे चिन्ह घालणे म्हणजे माजघराचा दफ्तरखान्यावर विजयच म्हणावयाचा.

शेक्सपियरला मात्र खरी हकीकत ठाऊक असावी. 'ॲज यू लाइक इट' या नाटकात टचस्टोन हा विदूषक कवींच्या उपेक्षेविषयी बोलताना एका लहान खोलीतल्या भल्यामोठ्या हिशेबाचा दाखला देतो. हॉटसनचा कागद बाहेर येईपर्यंत त्या वाक्याचा रोख कोणाला उमगला नव्हता. बीअर्ड आणि मीअर्स रस्ता आणि बाई सांगत होते तेव्हा नाटकमंडळींच्या घरात 'हिशेब' हाच शब्द चालत होता, असे त्यावरून अनुमान करता येईल.

कॉरोनरांच्या या कागदांनी मार्लोसारख्या नामवंतांपेक्षा अनाम लोकांवर अधिक उपकार केले आहेत. ऑक्सफर्डचे इतिहासकार स्टीव्हन गन यांनी सहकाऱ्यांसह ट्यूडर काळातील असे हजारो पंचनामे वाचून काढले. पाणी भरताना पाय घसरलेल्या मोलकरणी, गाडीखाली सापडलेले गडी, पोहता न येता नदीत उतरलेली मुले, अशांचे शेवटचे दिवस त्यांत घड्याळाच्या ठोक्यासह नोंदलेले आहेत. २०११ साली त्यांतून एक नाव पुढे आले: जेन शॅक्सपिअर, वय अडीच वर्षे, १५६९ साली पिवळी फुले तोडताना गिरणीच्या डोहात पडून बुडाली. स्ट्रॅटफर्डपासून वीसेक मैलांवर. ती कवीची नातलग होती की नव्हती हे सांगता येत नाही, पण 'हॅम्लेट'मधली ओफेलिया ज्यांनी वाचली आहे त्यांना तो कागद वाचताना क्षणभर थांबावे लागते. ज्या घरात ही मुलगी गेली त्या घरात तिची कथा किती पिढ्या सांगितली गेली असेल आणि केव्हा विसरली गेली असेल, कोण जाणे. कागद राहिला, तो फुलांसह.

मार्लोची कबर डेप्टफर्डच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात नेमकी कोठे आहे हे दाखवता येत नाही. इंग्रम फ्रायझरचे पुढे काय झाले ते मात्र सांगता येते. माफी मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २९ जून १५९३ रोजी, तो टॉमस वॉल्सिंगमच्या कर्जरोख्याच्या व्यवहारात पुन्हा गुंतलेला दिसतो. दहाएक वर्षांनी तो एल्टम या गावी स्थायिक झाला. तेथे त्याला प्रतिष्ठा लाभली. १६०५ साली गावकऱ्यांनी त्याला चर्चचा पंच म्हणून निवडले, पुढे तो करआकारणीच्या कामावरही होता. ऑगस्ट १६२७ मध्ये तो वारला आणि एल्टमच्याच चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले.